वेनबरीची हद्द

"यंदा विल्फ्रेडच्या घरातून जायचं नाही!" पाद्रीबाईंनी बाजारचौकात जाहीर केलं, आणि क्लेमंटच्या काळजात चर्र झालं.

वर्षातून एकदा वेनबरीची माणसं गावाची हद्द पायी फिरतात, हद्दीच्या दगडांवर काठ्या बडवतात. विल्फ्रेडचं स्वयंपाकघर बरोबर हद्दीवर. त्या दिवशी सगळ्यांनी खिडकीतून आत शिरायचं, पुढच्या दाराने बाहेर पडायचं. मालकाने अडवायचं नाही, असा रिवाजच. विल्फ्रेड म्हणजे क्लेमंटचा थोरला भाऊ. आईमागे घरावरून दोघांची जुंपली ती जुंपलीच, बोलणंही बंद. क्लेमंट दरवर्षी शहरातून यायचा तो तेवढ्यासाठी, त्या घरातून चार पावलं चालायला. बायकोला मात्र सांगायचा, वेनबरीच्या बाजारात चीज झकास मिळतं.

पण यंदा विल्फ्रेडच्या कुंपणामागे हद्दीचा एक जुना दगड सापडला होता. म्हणजे हद्द घराबाहेरून जाते. "उगाच म्हाताऱ्याला त्रास कशाला?" पाद्रीबाई म्हणाल्या.

मंडळी निघाली. पूल मागे पडला, मेंढ्यांची कुरणं मागे पडली. क्लेमंटला चैन पडेना. कधी पुढे पळे, कधी मागे रेंगाळे.

"अरे, चळ लागलाय का तुला?" त्याची बायको ऑड्री करवादली. "दगडच बडवायचाय ना? इथला काय नि तिथला काय!"

क्लेमंट काठी टेकत पुढे निघाला. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील की नाही, देव जाणे. आणि आपणहून दार ठोठावायचं? छे! थोरला आहे ना, आधी त्याने बोलवावं.

कुंपणाशी येऊन बघतात तो दगड गायब! नुसता ताजा उकरलेला खड्डा.

"कमाल आहे बाई! कालपर्यंत तर होता!" पाद्रीबाईंनी कपाळाला हात लावला.

"दगड नाही तर जुनीच वाट!" मागून कोणीतरी ओरडलं.

खिडकी उघडीच होती. क्लेमंट सगळ्यांच्या आधी चढला आणि धापा टाकत आत उतरला. विल्फ्रेड टेबलाशी बसला होता, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. भावाकडे न बघताच त्याने दुसऱ्या कपात चहा ओतला. टेबलाखाली टॉवेलने झाकलेला दगड अर्धा बाहेर डोकावत होता.

क्लेमंट बघतच राहिला.

"बघतोस काय?" विल्फ्रेड गुरगुरला. "पाठ मोडली माझी. आता तरी बस."