तिसरा ॲम्प्लिफायर

"यापेक्षा दमदार ॲम्प्लिफायर माझ्याकडे नाही, मॅडम," असं म्हणत साउंडवाल्या शेलारकाकांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. सबवूफर असे घुमले की दुकानातल्या कपाटाच्या काचा थरथरल्या.

समोरच्या लाकडी फळीवर अनवाणी उभ्या असलेल्या सहावीतल्या अन्विताने मला हातानेच खूण केली, काहीच कळत नाही.

हा तिसरा ॲम्प्लिफायर होता. आमच्या कर्णबधिर शाळेतली मुलं तळपायांनी ठेका पकडतात. स्टेजच्या फळ्या हादरल्या की नाचतात. आज सकाळच्या तालमीत मात्र सगळी नुसती एकमेकांकडे बघत उभी राहिली. जुन्या ॲम्प्लिफायरचा दम संपला, असं धरून मी अन्विताला घेऊन इथे धावले होते. स्नेहसंमेलन चारला होतं आणि आता अडीच वाजले होते.

"काका, काहीतरी करा हो. वर्षभर या एका नाचासाठी मेहनत घेतलीय मुलांनी."

काका चपला काढून स्वतः फळीवर चढले आणि लगेच ओशाळून खाली वाकले. "खाली रबर आहे की. खडखड होऊ नये म्हणून आम्ही सवयीने घालतोच." त्यांनी रबर ओढून काढलं आणि आवाज निम्म्यावर आणला.

अन्विताची टाच ठेका धरू लागली.

मला मात्र शाळेचं स्टेज आठवलं. पाहुणे येणार म्हणून तालमीच्या आधी मीच स्टेजभर जाड गालिचा ठोकून घेतला होता.

"ॲम्प्लिफायर राहू द्या, काका," मी म्हणाले. "खिळे उपटायला पक्कड आहे का?"