ओ दिल्यावर

"दादा!"

विहिरीतून हाक आली तसा थोरल्याने रहाट घट्ट धरला. ओ मात्र दिली नाही.

साबणाच्या कारखान्यामागे दोघे भाऊ विहीर खणत होते. बरंच खोल गेले तरी पाण्याचं नाव नव्हतं, म्हणून धाकट्याने तळाशी आडवी सुरंग धरली होती. सुरंगेत दोर अडतो. त्यामुळे तो कमरेचा दोर सोडून आत शिरायचा, काम झालं की बाहेर येऊन दोर बांधायचा आणि हाक मारायचा. मग थोरला त्याला वर ओढून घ्यायचा.

विहिरी खणणाऱ्यांची एक रीत होती. खालून पहिली हाक आली की गप्प राहायचं, दुसरी आली तरी गप्पच. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो, खाली जे असतं त्याला दोनदाच मारता येते. ओ दिली तर काय होतं, हे बापाने सांगितलं नव्हतं. त्यालाही बहुधा माहीत नसावं. एवढंच म्हणायचा की ज्या खड्ड्याने हाक मारली, तो त्याच दिवशी बुजवायचा.

धाकटा या सगळ्याची भरपूर टर उडवायचा. "खालच्याला दोनच्या पुढे मोजता येत नाही होय? शाळेत घालू या त्याला!" तरी रीत पाळायचा. भाजीवाल्यासारखा एका दमात तीनदा ओरडायचा.

"दादा!" दुसरी हाक आली.

थोरला तिसरीची वाट बघत राहिला. खालून काही येईना.

कारखान्याच्या भिंतीपलीकडे जेवणाच्या सुट्टीचा गलका चालला होता. थोरला काठावर ओणवा झाला. आत काळोख होता. दोर सैल लोंबत होता. जुन्या जमिनीत कधीकधी वाईट हवा कोंडलेली असते. माणसाचा श्वास लागतो, हातपाय गळतात, तोंडातून शब्द फुटत नाही. अशा माणसाने तिसरी हाक मारायची तरी कशी?

आई गेली तेव्हा धाकटा रांगत होता. थोरल्याने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, या धंद्यात आणलं, त्याचं लग्न लावून दिलं. आता रीत पाळत त्याला मरू द्यायचं?

"ओ!" थोरला सगळा जीव एकवटून ओरडला. "ओ रे बाळा! दोर धर!"

दोर ताठ झाला. थोरला रहाटाला भिडला. हाताची सालटी निघाली तरी थांबला नाही. शेवटी काठावर मातीने माखलेलं डोकं दिसलं. धाकटा वर आला आणि भर उन्हात डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत उभा राहिला.

थोरल्याने त्याला मिठीच मारली. मग एक धपाटाही घातला. "गाढवा, जीव टांगणीला लावलास माझा! दोनदा हाक मारून गप्प का बसलास?"

"मी कुठे हाक मारली?" धाकटा म्हणाला.

"मारलीस की. दोनदा."

"नाही, दादा. डोकं जड झालं म्हणून बाहेर आलो, दोराला धरलं. तेवढ्यात तूच ओढायला लागलास."

थोरला विहिरीच्या काठापासून मागे सरला. म्हणजे हाक खड्ड्याने मारली होती आणि आपण ओ देऊन बसलो होतो. त्याने पाण्याची कळशी पुढे केली, धाकट्याने मानेनेच नको म्हटलं. एरवी वर आला की अर्धी कळशी रिचवायचा. वाईट हवेने मळमळत असेल बिचाऱ्याला, असं थोरल्याला वाटलं.

"बुजवायला हवी रे," तो म्हणाला. "मालक बोंबलेल, बोंबलू दे. दुसरीकडे खणून देऊ."

"बुजव," धाकटा म्हणाला. "लगेच बुजव."

आजवर रीतीची थट्टा करणारा आज एका शब्दाने आडवा आला नाही. भ्यायला असणार. खणलेल्या मातीदगडांचा ढिगारा काठाशीच फळ्यांनी अडवून ठेवला होता. थोरल्याने पहार घालून एकेक फळी उचकटली. सगळा ढिगारा गडगडत विहिरीत गेला. धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली तेव्हा तळ आणि सुरंगेचं तोंड मातीखाली गेलं होतं. थोरल्याच्या जिवात जीव आला. उरलेली माती संध्याकाळपर्यंत लोटता आली असती, पण आधी याला घरी पोचवायला हवं होतं.

"चल. आणि आजचं घरी बोलू नकोस, तुझी बायको मला कच्चा खाईल."

"घरी कोण कोण असेल आता?"

"कोण असणार? तुझी बायको, तुझी वहिनी आणि पोरगी. डोकं अजून ठिकाणावर नाही वाटतं तुझं."

"पोरगी," धाकटा म्हणाला आणि हसला. "चल, लवकर जाऊ."

थोरला कळशी उचलायला वाकला.

"दादा!"

हाक विहिरीतून आली होती. मातीआडून, दबलेली. थोरला होता तसाच वाकलेला राहिला.

"दादा!" या खेपेला हाकेपाठोपाठ खोकल्याची उबळ ऐकू आली.

धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता.

"ओ देऊ नकोस," तो म्हणाला. "दोनच झाल्यात."

थोरल्याने मान हलवली आणि श्वास रोखून धरला.

खालून तिसरी हाक आली.