कोंबड्यांची भाकरी

रोज सकाळी सरोज उरलेल्या भाकऱ्या कुस्करून कोंबड्यांना टाकायची आणि चक्कर आली की अंगणातला खांब धरून उभी राहायची. तिचा नवरा केशव म्हणायचा, “पित्त असंल, न्हाईतर पन्नाशीचा थकवा.” शेवटी आपल्या भाड्याच्या फेऱ्यांच्या टेम्पोत बसवून त्यानं तिला भोरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “शुगरची गोळी संध्याकाळी घेता, त्यावर जेवता ना?” सरोज पुटपुटली, “ह्यांच्यासाठी थांबते. हे कापूरहोळला ढाब्यावर खाऊन येत्यात. मग एकटीला घास जात न्हाई.” केशवला कोंबड्या आठवल्या, गावात एवढ्या गुबगुबीत कुणाच्याच नव्हत्या. तिला घरी सोडून तो फेरीवर गेला, पण त्याच दिवशी परतताना ढाब्यापाशी टेम्पो न थांबवता तो दिवेलागणीलाच घरी आला, पाटावर बसला आणि म्हणाला, “दोन ताटं वाढ. लई भूक लागलीय.” सकाळी कोंबड्या दारात जमल्या. सरोज खांब न धरता बाहेर येऊन म्हणाली, “आज कायबी न्हाई उरलं, बायांनो.”