ब्रायरफील्डची खुर्ची

चौथ्या पानाच्या तळाशी, कोणाची गाय व्याली आणि कोणाकडे पाहुणे आले असल्या बातम्यांच्या रांगेत मर्ल टटलला ते सापडलं आणि तो ग्रंथालयात एकटाच मोठ्याने हसला.

'श्री. सायरस पँगबॉर्न शुक्रवारी दुपारच्या गाडीने न्यूयॉर्कहून घरी परतले. पोट बिघडले असून डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली आहे.' अंक जून १९२४चा.

म्हणजे सायरस पँगबॉर्न अधिवेशनाच्या शेवटपर्यंत तिथे नव्हताच!

गेली शंभर वर्षं गावाला भलतंच माहीत होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचं ते न्यूयॉर्कचं अधिवेशन, जूनअखेरीला सुरू होऊन जुलैत लांबलेलं. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरेना म्हणून मतदानाच्या एकशेतीन फेऱ्या झाल्या, आणि ब्रायरफील्ड गावाच्या प्रतिनिधीच्या खुर्चीवर सायरस शेवटपर्यंत ठाण मांडून बसला, अशी कथा. शाळेत त्याची तसबीर. चार जुलैच्या मिरवणुकीत पहिली मोटार पँगबॉर्नांची. मर्लचे आजोबा होमर टटल बदली प्रतिनिधी म्हणून सोबत गेले होते. गावाच्या लेखी जणू सामान उचलायला.

मर्ल आणि सायरसचा नातू ड्वाइट एका वर्गातले. दोघांनीही आता सत्तरी ओलांडली होती. पण मोटारीत बसलेला ड्वाइट दिसला की मर्लच्या पोटात अजूनही शाळेतल्यासारखं दुखायचं. त्यात ड्वाइटचा स्वभाव. कोणी आजोबांचं कौतुक काढलं की हा मान खाली घालून म्हणायचा, "पुरे हो ते आता." सोंगाड्या! आयतं मिळतंय तेही नको-नको म्हणत घेतो, याचाच मर्लला जास्त संताप यायचा.

आणि आता शताब्दीनिमित्त न्यायालयाच्या आवारात ग्रॅनाइटची शिळा बसणार होती. तिच्यावरही पँगबॉर्नांचंच नाव कोरणार होते.

"तुझे आजोबा कधी बोलले का रे न्यूयॉर्कबद्दल?" घरी भांडी पुसता पुसता बायकोने, रोझालीने विचारलं.

"चकार शब्द नाही. विषय निघाला की उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे. आपलं श्रेय दुसऱ्याने लाटल्यावर माणूस बोलणार काय?"

"मग राहू दे ना. मला तर ते सालच नको वाटतं."

रोझाली कॅथलिक. त्या साली काळ्यांचा आणि कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या, पांढरे बुरखे घातलेल्या क्लॅनवाल्यांनी तिच्या आजीच्या दारासमोर क्रूस जाळला होता. त्या बुरख्यांच्या आत गावातले कोण कोण होते, हे आजीला मरेपर्यंत कळलं नाही.

पण मर्ल कसला ऐकतोय! दुसऱ्याच दिवशी त्याने शिळेच्या समितीसमोर त्या बातमीची प्रत आपटली.

समितीत बसलेल्या ड्वाइटने ती दोनदा वाचली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मर्लला फार बरं वाटलं.

"शुक्रवारी आले?" ड्वाइटने विचारलं. "म्हणजे शनिवारच्या आधी? नक्की?"

"वाचता येतं ना तुला?"

"येतं रे. म्हणजे शनिवारपासून त्या खुर्चीवर होमर होते."

"शनिवारपासून शेवटपर्यंत! एकूण एक मत माझ्या आजोबांचं. तुझा सायरस इथे सूप पीत लोळत पडला होता."

"मग इतिवृत्तात तसंच लिहू या," ड्वाइट हळू आवाजात म्हणाला. "मर्लच्याच शब्दांत. एकूण एक मत होमर टटल यांचं. आणि शिळेवरही त्यांचंच नाव कोरा. माझी काही हरकत नाही."

भांडण नाही, तंटा नाही. मर्लची जराशी निराशाच झाली. इतकी वर्षं घोटून ठेवलेली बोलणी घशातच राहिली.

"नाक कापलं गेलं, म्हणून मोठेपणा मिरवतोय," घरी येऊन तो रोझालीला म्हणाला.

चार जुलैला पहिल्या मोटारीत मर्ल आणि रोझाली बसले. ड्वाइट फुटपाथवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मर्लने त्याच्याकडे बघून मुद्दाम हात हलवला. आवारात पडदा सरला. होमर टटल, १९२४. मर्लला चक्क रडू आलं. पहिल्या रांगेत रोझालीनेही रुमाल काढला.

त्याचं भाषण आटोपत आलं तसा ड्वाइट मंचावर चढला. दहा वर्षांनी तरुण दिसत होता. कोटाच्या खिशातून पिवळं पडलेलं एक कात्रण काढून त्याने मर्लच्या हातात ठेवलं.

"वडिलांनी हे कुलपात ठेवलं होतं, त्यांच्यामागे मी. त्या शनिवारी त्या खुर्चीवरून पडलेलं पहिलं मत आहे. आता हे तुमच्या घरचं. वाचून दाखव सगळ्यांना."

म्हणजे पँगबॉर्नांनी हेसुद्धा दाबून ठेवलं होतं तर! मर्लने चष्मा लावला, माइक जवळ ओढला आणि रोझालीकडे बघत खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'न्यूयॉर्क. कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन धिक्कार करणारा ठराव शनिवारच्या मतदानात जेमतेम एका मताने फेटाळला गेला. ब्रायरफील्डच्या खुर्चीचे मत क्लॅनच्या बाजूने पडले.'"