‘तिऱ्हाईत’ आमच्या मंडळात येतात

“पण पत्रात असं लिहून बसलात तरी कशाला?” शिवणवाल्या काकूंनी ग्रंथपालबाईंना विचारलं.

महिनाअखेर वाचनालयाची वरची खोली बंद करणार, असं कार्यालयाचं पत्र आलं होतं. कारण काय, तर खोलीचा उपयोग नाही. बाईंचं डोकंच फिरलं. बावीस वर्षं त्यांनी ती खोली पोटच्या पोरीसारखी जपली होती. रागाच्या भरात त्यांनी उत्तर ठोकून दिलं: इथे दर शनिवारी वाचनमंडळ भरतं, ‘तिऱ्हाईत’ यांच्या कादंबऱ्या वाचतं, आणि स्वतः लेखकही येऊन बसतात. मंडळ खरं होतं, लेखकाची मात्र शुद्ध थाप.

आता ‘तिऱ्हाईत’ हे टोपणनाव. सात कादंबऱ्या, आणि एकाही पुस्तकावर फोटो नाही. माणूस कुठे राहतो, काय करतो, प्रकाशक ताकास तूर लागू देत नाही. लिहितो मात्र अंगावर काटा येईल असं. तिसऱ्या कादंबरीत प्रत्येकाला दरवर्षी एक आठवण सरकारजमा करावी लागते. रांग, खिडकी, शिक्का, पावती, सगळं इतकं नेमकं, की पुस्तक मिटल्यावर आपलं काही गेलं तर नाही ना, हे माणूस चाचपून बघतो.

बाईंच्या पत्रावर उलट टपाली उत्तर आलं. शनिवारी कार्यालयातल्या मोठ्या मॅडम स्वतः पाहणीला येणार, लेखकांनाही भेटणार.

“त्यात काय एवढं? मी होतो की तिऱ्हाईत!” मंडळातला निवृत्त कंडक्टर म्हणाला. “सातही पुस्तकं दोन-दोनदा वाचलीयत. पस्तीस वर्षं बसमध्ये माणसं बघितली. लेखकाला आणखी काय लागतं?”

“आणि पकडले गेलो तर?” बाई म्हणाल्या.

“खोली तशीही हातची चाललीच आहे, बाई. मग घाबरायचं कशाला?”

शनिवारी मॅडम आल्या. हातात फाइल, खांद्याला जड पिशवी. चहा नको म्हणाल्या, पाणीही नको म्हणाल्या.

“लेखक कुठे आहेत?”

“हा काय, मीच,” कंडक्टर म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही पठ्ठ्याच्या.

“असं?” मॅडमनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मग सांगा. तिसऱ्या कादंबरीतली ती बाई आठवण न देताच सुटलेली असते. तरी त्या खिडकीपाशी परत येते. का?”

काकूंनी डोळेच मिटून घेतले. या एका प्रश्नावर मंडळ तीन शनिवार भांडलं होतं आणि तरी कोणाचं एकमत झालं नव्हतं.

“रांगेत तिच्यामागे एक म्हातारी होती ना,” कंडक्टर म्हणाला. “तिला एकटीला टाकून कशी जाईल? शेवटच्या बसला बायका अशाच थांबतात एकमेकींसाठी. मी किती वेळा घंटी दिली नाही... म्हणजे, कंडक्टर देत नाहीत.”

मॅडमनी फाइलीत काहीतरी लिहून घेतलं.

“सातवीनंतर तीन वर्षं झाली. नवीन काहीच नाही?”

“अडलंय. शेवटाशी येऊन अडलंय.”

“मग काय करता अशा वेळी?”

“करायचं काय! चढावर गाडी अडली की दामटायची नाही. थोडी मागे घ्यायची, दम खायचा, पुन्हा चढवायची. चढते. चढणारच!”

संपलं, बाईंच्या मनात आलं. लेखक कुठे असं बोलतात?

मॅडमनी मात्र फाइलीतून एक कागद काढला, खोली चालू ठेवावी असं त्यावर लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि सगळ्यांसमोर रडू लागल्या. काकूंनी कंडक्टरच्या पाठीत धपाटा घातला. तो तर असा हसत होता, जसं काही सातही पुस्तकं खरंच त्यानेच लिहिली होती.

मॅडम दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. पिशवीतून त्यांनी हाताने लिहिलेल्या कागदांचा जाडजूड गठ्ठा काढला आणि कंडक्टरच्या हातात ठेवला.

“ही आठवी. शेवटचं प्रकरण मला काही केल्या जमत नाहीये,” त्या म्हणाल्या. “लेखक तुम्ही ना? मग पुढच्या शनिवारपर्यंत लिहून ठेवा.”