पहिल्या दिवसाचा पहिला खेळ

भडक्याने स्वतःचंच घर पेटवलं तेव्हा थिएटरात शिट्ट्या वाजल्या.

पहिल्या भागात त्याने अख्खं शहर वाचवलं होतं. या दुसऱ्या भागात मात्र तो कोणाचंच ऐकत नव्हता. राग आला की त्याच्या मुठींतून ठिणग्या उडायच्या, आणि राग तर नाकावर बसलेलाच. पोलिसांना तो जुमानत नव्हता, गुरूला उलटून बोलत होता. लोकांना तो असाच आवडत होता. पुढच्या रांगेतले टकलू गृहस्थ दर ठोशाला खुर्चीच्या हातावर थाप मारत होते आणि त्यांची बायको दर थापेला सांगत होती, की अहो, खुर्चीचा नाही, माझा हात आहे तो.

त्यांच्या मागे तिघं बसली होती. ती, तिचा नवरा आणि मध्ये सहा वर्षांची लेक. सिनेमा सुटला की तिघांनी मिळून घरी जायचं होतं. ठरलं असं कोणी तोंडाने म्हटलं नव्हतं, पण ताईकडे नेलेली तिची बॅग सकाळीच गाडीत जाऊन बसली होती. ती बॅग उचलायला ताईने हात लावला नाही. जित्याची खोड, एवढंच ती म्हणाली आणि उरलेली म्हण तिने गिळली, कारण लेक तिथेच चपलेचा पट्टा लावत उभी होती.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेमचा बारीक स्क्रू फिरवताना तिचं डावं मनगट अजून ठणकत होतं. दुकानात तिने सांगितलं होतं, दारात सापडलं. ते खोटंही नव्हतं. दार कोणी आपटलं, एवढंच तिने सांगितलं नव्हतं.

नवरा वाईट असता तर सोपं झालं असतं. आज तो घरी राहिलेला लेकीचा निळा फ्रॉक घेऊन आला होता. स्वतः धुतलेला, स्वतः इस्त्री केलेला. दिवसभर लिफ्टच्या तारा ओढणारे हात ते, पण एकेक चुणी अशी बसवली होती की बघत राहावं. वाटेत लेकीने तीनदा तोच विनोद सांगितला, तिन्ही वेळा तो पोट धरून हसला. आपणच फार ताणलं की काय, असं तिला तेव्हापासून वाटत होतं. रागाच्या भरात माणसाच्या हातून काहीही होतं. सासूबाई तर फोनवर म्हणाल्याच होत्या, त्याचा राग म्हणजे अळवावरचं पाणी.

पडद्यावर आता आग विझली होती. जळत्या घरातून खांदा भाजून निसटलेली भडक्याची मैत्रीण दुसऱ्या कोणाच्या तरी घरात दार लावून बसली होती. भडक्या त्या दाराबाहेर जमिनीवर बसला. त्याने मुखवटा काढला. संगीत थांबलं. पॉपकॉर्नच्या पिशव्यांची कुरकुरही थांबली.

"मी असा नाहीये," भडक्या बंद दाराला म्हणाला. "तुला तर माहितीये, मी कसा आहे."

कोणीतरी नाक ओढलं. पुढच्या बाईंनी पदराने डोळे टिपले. तिने हळूच कडेला पाहिलं. नवऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. त्याने लेकीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तळवा वर करून, तिच्या दिशेने. चुकतो माणूस. पण चुकलं हे ज्याला कळतं, त्याला एकदा तरी दार उघडायला नको का? तिनेही हात वर घेतला. दोन हातांत आता वीतभर अंतर राहिलं होतं.

तेवढ्यात तिला लेकीची पुटपुट ऐकू आली. आधी वाटलं, गाणं म्हणतेय. मग शब्द कळले.

"मला काय झालं, मलाच कळलं नाही," लेक म्हणाली. पडद्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती फ्रॉकच्या बटणाशी खेळत होती.

"काय झालं, मलाच कळलं नाही," भडक्या म्हणाला.

"हा हात तोडून टाकावासा वाटतो."

भडक्याने आपला हात डोळ्यांसमोर धरला. त्यालाही तो तोडून टाकावासा वाटत होता.

"पुन्हा असं झालं तर खुशाल सोडून जा मला."

भडक्याने यातला खुशाल तेवढा गाळला. बाकी सगळं तेच होतं. लेक त्याच्या एक श्वास पुढे होती, शाळेतली कविता म्हणावी तशी.

पुढचे गृहस्थ मागे वळले. थोडे वैतागलेले, थोडे हसणारे. "काय गं ठमाबाई, आधीच पाहून आलीस का सिनेमा? आम्हालाही बघू दे की."

बायकोने त्यांना वेड्यात काढलं. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ, पाहील कुठून ती पोर?

"नाही पाहिला, काका," लेक म्हणाली. "बाबा असंच म्हणतात."

गृहस्थ हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या नवऱ्याकडे, आणि ते पुढे वळले. खुर्चीच्या पाठीवरचा नवऱ्याचा तळवा मिटला आणि हात खाली गेला. तिचा हात तिने आधीच काढून घेतला होता.

पडद्यावरचं दार उघडलं. सगळं थिएटर टाळ्या वाजवू लागलं.

त्या गलक्यात ती लेकीच्या कानाशी वाकली. "आणि मग पुढे काय होतं गं?"

लेकीने पिशवीच्या तळाशी राहिलेला पॉपकॉर्न शोधून तोंडात टाकला.

"पुढे थोडे दिवस छान जातात."