मागे राहू नकोस

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोकोसात घरातून निघताना लेकराला नावानं हाक मारतात, नाहीतर त्याचा जीव तिथंच रेंगाळतो. सरकारनं सांभाळायला दिलेली नेनिंग दत्तक आईबापांबरोबर मनिलाला गेली, तेव्हा माझ्या बायकोनं हाक मारलीच नाही. “विसरले,” म्हणाली. कोंबड्यांचीही नावं न विसरणारी बाई! तेव्हापासून नेनिंगची राहिलेली लाल चप्पल उंबऱ्यावर ठेवली, की सकाळी खुराड्यापाशी सापडायची. बायको खुशीत होती. मग नव्या आईचा फोन आला, “मानांग, ताई, पोर जेवत नाही हो, नुसती दाराकडं बघते.” माझी आई करवादली, “मार हाक! सांभाळायला दिली होती, ठेवून घ्यायला नव्हे.” बायकोनं फोन खुराड्याकडं धरला. “नेनिंग, चल बाळा, मागे राहू नकोस.” पलीकडं पोर बोलली, “आई, भूक लागली!” ती ‘आई’ची हाक माझ्या बायकोला नव्हती, नव्या आईला होती. सकाळी चप्पल उंबऱ्यावरच होती. तरी बायको खुराडं बघून आली.